तिसऱ्या रिळाचं झाकण

घाबरू नका, मीच बोलतोय. आवाज जरा खरखरतो, पण तो वयामुळे. मी एक भयपट आहे. नाव ‘वाफ’. माझ्या पोटात सात खून, एक भली मोठी कात्री आणि ढीगभर किंकाळ्या आहेत, तरी स्वभावाने मी गरीब आहे. दारावर कुणी जोरात थाप मारली की आधी मीच दचकतो.

माझं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. वाईट वाटून घेऊ नका, कुणीच ऐकलेलं नाही. मी जन्मलो तेव्हा असल्या चित्रपटांची नुकती कुठे लाट आली होती. एखादी ओसाड जागा शोधायची, तिथे सात-आठ तरुण मुलंमुली गोळा करायची आणि तोंड झाकलेल्या खुन्याने त्यांना एकेक करून संपवायचं. लोक डोळ्यांवर हात धरून बोटांच्या फटीतून बघायचे आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन परत यायचे. माझे कितीतरी भाऊबंद त्या लाटेवर तरून गेले. मी मात्र पहिल्याच खेळाला बुडालो. कसा बुडालो ते सांगतो, कारण माझ्याबरोबर एका बाईचं आयुष्यही त्यात ओढलं गेलं.

मला घडवलं एका भावाबहिणीने. भाऊ दिग्दर्शक आणि त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी बहीण संकलक, म्हणजे काढलेल्या पट्ट्या कापून-जोडून त्यांची गोष्ट करणारी. युनिटमध्ये सगळे तिला ताई म्हणत. भाऊ तेवढा ‘छोटे’ म्हणे. दोघं वडिलांच्या फोटो स्टुडिओत वाढलेली. चित्र कसं दिसावं यावरून त्यांची रोज भांडणं व्हायची आणि चहा आला की ती मिटायची.

बंद पडलेली एक मोठी लाँड्री त्यांना महिनाभरासाठी मिळाली. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी जिथे धुतल्या जातात तसली. माझी गोष्ट तिथेच घडते. सुट्टीच्या दिवशी जादा कामाला थांबलेले कामगार, सगळीकडे वाफ आणि वाफेत कात्री घेऊन फिरणारं कुणीतरी. कामगारांना मायेने चहा देणारी, ‘दमलास का रे’ म्हणून विचारणारी मुकादमबाईच शेवटी खुनी निघते. हे मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकलं, त्याबद्दल माफ करा. त्याशिवाय माझी पुढची हकीकत कळायची नाही.

आमच्याकडे सगळ्याचीच ओढाताण होती. रात्री चित्रीकरण करायचं तर मोठे दिवे लागतात, ते नव्हते. म्हणून माझ्यातल्या सगळ्या रात्री भर दुपारी काढल्या आहेत. भिंगावर निळी काच लावली की झाली रात्र. नीट पाहिलंत तर मध्यरात्री जीव खाऊन पळणाऱ्या मुलीच्या पायाशी टीचभर सावली दिसते. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि लाल रंग. पहिल्या खुनाच्या वेळी प्रेताला मुंग्या लागल्या आणि प्रेत ‘आई गं’ म्हणत उठून बसलं. पुढचे सगळे खून मग जागा पुसून, मुंग्या शोधून झाल्यावर पार पडले.

ताईची खोली अगदी एवढीशी होती. दोरीवर चिमट्यांनी माझ्या पट्ट्या टांगलेल्या असत आणि त्यांच्यातून वाट काढत ती हिंडायची. पाचव्या रिळात खुन्याचा चेहरा पहिल्यांदा दिसतो. आधी पडदाभर नुसती वाफ, मग ती हळूहळू विरते आणि मुकादमबाई समोर उभी. ताईने ती वाफ अकरा सेकंद ठेवली होती.

‘‘छोटे, पाच सेकंद पुरे,’’ भाऊ म्हणाला. ‘‘लोक उठून जातील.’’

‘‘कुठे जातायत? विरायला लागतो तेवढा वेळ लागू दे की, दादा. घाई तुला आहे, वाफेला नाही.’’

तो बराच वेळ धुसफुसला, पण अकरा सेकंद तसेच राहिले. मला तेव्हापासून त्या अकरा सेकंदांचा फार अभिमान आहे. लोकांची बोबडी वळवायला मी एवढा उतावीळ झालो होतो की विचारू नका.

माझी एकच प्रत निघाली होती. सहा रिळं, सहा पत्र्याचे डबे. डबे जुने, कुठून तरी वापरून आलेले. त्यांना घासून ताईने झाकणांवर पांढऱ्या रंगाने मोठे आकडे काढले आणि स्वतःच्या हाताने मला भरलं. नंबर फक्त झाकणांवर होते, डब्यांच्या अंगावर नव्हते. चूक म्हणायची तर तिची एवढीच.

थिएटरमधले प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटरकाका अतिशय नीटनेटका माणूस. पहिला खेळ दुपारी तीनचा होता. नवीन चित्र आलं की डबे पुसून घ्यायचे हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी सहाही झाकणं काढली, ओल्या फडक्याने पुसली, टेबलावर वाळत ठेवली आणि परत लावली. लावताना तिसऱ्याचं झाकण पाचव्याला गेलं आणि पाचव्याचं तिसऱ्याला.

दुसऱ्या एखाद्या ऑपरेटरच्या हे ताबडतोब लक्षात आलं असतं. रिळाच्या सुरुवातीला जी कोरी पट्टी असते तिच्यावरही ताईने बारीक अक्षरात नंबर घातले होते. पण काकांची नजर उतरत चालली होती आणि ते त्यांनी मालकापासून लपवलं होतं. पट्टी हाताच्या सवयीने लावायची आणि नंबर झाकणावरचा मोठा बघायचा, असं वर्षभर चाललं होतं.

पहिली दोन रिळं झकास गेली. प्रेक्षक खुर्चीच्या टोकाला आले होते. आणि मग तिसऱ्याच्या जागी पाचवं सुरू झालं. वाफ विरली, मुकादमबाई कात्री घेऊन उभी. अजून एकच खून झालेला, कुणाला काही संशय यायच्या आधीच खुनी समोर! लोक गोंधळले. पुढच्या रिळात तीच बाई सगळ्यांना प्रेमाने चहा देऊ लागली, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘पिऊ नको रे, कात्रीवाली आहे ती!’’ थिएटर खदखदून हसलं. आणि नंतर खरं तिसरं रीळ लागलं तेव्हा मघाशी मेलेली चार माणसं ताजीतवानी होऊन चादरींच्या घड्या घालताना दिसली. लोकांनी टाळ्या वाजवून त्यांचं स्वागत केलं. माझं असं हसं झालं की मला पडद्यावरून खाली उतरून कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

भाऊ धावत जिना चढून केबिनमध्ये आला. काका भिंतीला टेकून उभे होते. चूक त्यांना आवाजावरूनच कळली होती.

‘‘झाकणांवर जसे नंबर होते तसंच लावलं, साहेब,’’ ते म्हणाले.

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. भावाने डब्यात वाकून पाहिलं. तीन नंबरच्या झाकणाखालचं रीळ पाचवं होतं. डबे कुणी भरले ते त्याला ठाऊक होतं. ताई जिन्यातच उभी होती.

‘‘माझं चित्र तू मारलंस, छोटे.’’

‘‘अरे, मी नीट भरलं होतं,’’ ताई म्हणाली. मग तिने स्वतःलाच विचारलं, ‘‘भरलं होतं ना मी नीट?’’

माझा जीव किती तळमळला ते काय सांगू! मला बोलता येत होतं, पण माझ्याजवळ संवाद होते ते दुसऱ्याने लिहून दिलेले. ‘वाचवा’ आणि ‘तिकडे जाऊ नकोस’ यांनी त्या जिन्यात काय होणार होतं? दुसऱ्या दिवशी मला उतरवलं गेलं. भावाने पुन्हा चित्रपट काढला नाही. तो वडिलांच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायला बसला. ताईने संकलन सोडलं, त्याचं घरही सोडलं.

न्यायला कुणी आलंच नाही म्हणून मी थिएटरच्या माळ्यावर पडून राहिलो. दोन वर्षांनी थिएटर बंद पडलं तेव्हा काकांनी मला भाड्याच्या टांग्यासारख्या खडखडणाऱ्या एका टेम्पोत घालून घरी आणलं आणि पलंगाखाली ठेवलं. दरवर्षी एकदा ते मला बाहेर काढत, सुती कापडाने पुसत, हाताने उलगडून पुन्हा सैलसर गुंडाळत. कोंडून ठेवलेल्या फिल्मला आंबट वास सुटतो आणि ती आक्रसून मरते. मला त्यांनी मरू दिलं नाही. नजर पार गेली तरी बोटांनी चाचपत ते हे करत राहिले.

मी त्यांच्यावर रागावलो नव्हतो का? रागावलो होतो की. पण मग कळत गेलं. नोकरी जाईल म्हणून ते पहिल्या दिवशी गप्प बसले, आणि गप्प बसल्याची लाज वाटून पुढची सगळी वर्षं. माणसांचं असं होतं. पहिल्या तासाला जे सांगायला सोपं असतं ते वर्षभराने सांगता येत नाही.

ताई पोस्टात लागली. टपाल वेगळं करायच्या टेबलावर तिने तीस वर्षं काढली आणि तिच्या हातून एक पत्र कधी चुकीच्या खणात गेलं नाही. कारण प्रत्येक पत्ता ती तीनदा वाचायची. घरी कडी तीनदा, गॅस तीनदा. लग्नाचं विचारायला आलेल्या एका भल्या माणसाला ती म्हणाली होती, ‘‘माझ्या हातून माणसांचं नुकसान होतं.’’ हे सगळं मला पुढे तिच्या भाचीकडून कळलं.

भाची म्हणजे दिग्दर्शकाची मुलगी. ती चित्रपट संग्रहालयात जुन्या फिल्म दुरुस्त करते. एकदा स्टुडिओतला एक खण साफ करताना तिने तळाला अंथरलेला कागद उलटला, तर ते माझं पोस्टर निघालं. दिग्दर्शनापुढे बाबांचं नाव, संकलनापुढे आत्याचं. जी आत्या कधी त्यांच्या घरी येत नसे, तिचं! बाबांना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘फालतू चित्र होतं. ठेव ते.’’ आत्याला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘मी बिघडवलं गं ते. तुझ्या बाबाचं सगळं मी बिघडवलं.’’

मुलगी चिवट. त्या थिएटरात कोण कोण कामाला होतं त्याचा छडा लावत ती दीड वर्षाने काकांच्या घरी पोचली. काका जाऊन काही महिने झाले होते. त्यांच्या बायकोने, काकूंनी, वाकून मला पलंगाखालून ओढलं. ‘‘ने बाई. आता माझ्याने पुसवत नाही.’’

भाचीने सगळ्यात आधी डबा उघडून नाक आत घातलं. त्यांच्या धंद्यात पहिली तपासणी नाकानेच होते. आंबट वास नव्हता. तिने आनंदाने काकूंना मिठीच मारली, आणि माझाही जीव भांड्यात पडला.

संग्रहालयाच्या टेबलावर तिने मला पुसायला घेतलं तेव्हा डब्यांच्या कडेला तिला कापडी चिकटपट्टीचे जुने तुकडे दिसले. झाकणं सैल होती म्हणून ताईने डबे भरल्यावर झाकण आणि डबा यांच्या सांध्यावर पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर आडवी सही केली होती. काकांनी पट्टी मधोमध कापून झाकणं उघडली. त्यामुळे सहीचा वरचा भाग झाकणावर राहिला आणि खालचा डब्यावर. चाळीस वर्षं तो तिथेच होता. भाचीने पाहिलं, तर चार डब्यांवर सही जुळत होती. तीन आणि पाचवर जुळत नव्हती. तिने झाकणांची अदलाबदल केली. सही जुळली.

 दोन्ही डबे पिशवीत घालून ती थेट आत्याच्या घरी आली.

‘‘आत्या, हे बघ. तू बंद केलंस तेव्हा तीनवर तीनच होतं. झाकणं नंतर बदलली. थिएटरात.’’

ताईने चष्मा लावला. झाकण स्वतः लावून पाहिलं, काढलं, फिरवलं, पुन्हा लावलं. तिची सही, तरुणपणची, लफ्फेदार. सत्तरीला टेकलेल्या त्या बाईने डब्यावर हात ठेवला आणि ती लहान मुलीसारखी रडली. ‘‘मी नीट भरलं होतं,’’ ती म्हणत राहिली. ‘‘बघ गं, नीट भरलं होतं मी.’’ मला इतकं बरं वाटलं की जन्मभर खून दाखवले त्याचं पाप फिटल्यासारखं झालं.

तिथून पिशवी स्टुडिओत गेली. भाऊ एका गिऱ्हाइकाला ‘हनुवटी वर, हसू नका’ म्हणून सांगत होता. मुलीने डबे काउंटरवर ठेवून दाखवलं. त्याने तो फोटो काढला, पण हलला. दुसरा काढला, तोही हलला. ‘‘उद्या या,’’ तो गिऱ्हाइकाला म्हणाला आणि शटर ओढून बहिणीच्या घराकडे चालू लागला. मुलगी मला पिशवीत घेऊन मागोमाग.

ताईने दार उघडलं. तो चौथ्या मजल्यापर्यंत चढून धापा टाकत होता.

‘‘छोटे,’’ तो म्हणाला, ‘‘मी तुला विचारलंसुद्धा नाही गं.’’

‘‘नाही विचारलंस.’’

‘‘एकदा डबे नीट बघितले असते तर...’’

‘‘तर तेव्हाच कळलं असतं.’’ ती दारातून बाजूला झाली. ‘‘दादा, हे काही मी आज लगेच विसरणार नाही. पण आत ये. गुडघे दुखतायत ना? पंखा लावते.’’

तो आत येऊन बसला आणि पाणी प्यायला. आणि पाणी पोटात गेल्यावर त्याला राग आला. चाळीस वर्षांचं खापर बहिणीच्या डोक्यावरून उतरलं होतं, ते आता दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर फोडायलाच हवं होतं. संग्रहालयात माझा खेळ होणार होता, त्याचं पत्रक छापायचं होतं.

‘‘त्यात लिहायचं,’’ तो म्हणाला. ‘‘त्या ऑपरेटरचं नाव घालून लिहायचं. कुणी वाट लावली ते कळू दे सगळ्यांना.’’

‘‘नाही,’’ ताई म्हणाली.

‘‘का नाही? तू भोगलंस ना?’’

‘‘म्हणूनच नाही. कुणाच्या नावावर चूक चिकटवली की काय होतं, ते मला विचार. त्यांची बायको येणार आहे खेळाला. आणि त्यांनी सांभाळलं नसतं तर तू दाखवणार काय होतास? पोस्टर?’’

 पत्रकात त्या पहिल्या खेळाबद्दल एक अक्षरही छापलं गेलं नाही.

खेळ रविवारी दुपारी होता. छोटं सभागृह, साठेक माणसं, बरीचशी माझ्या वयाच्या निम्म्याहून कमी. ताई आणि भाऊ शेजारी बसले होते, मध्ये एक रिकामी खुर्ची सोडून. काकू पहिल्या रांगेत. पडदा उजळला आणि मला धडकी भरली. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच हसू ऐकावं लागलं तर?

एक. दोन. तीन. चार. लोक हसले, पण दुपारच्या सावलीला आणि तेही मायेने. मुकादमबाईने चहा दिला तेव्हा कुणाला काही संशय आला नाही. मग पाचवं रीळ. पडदाभर वाफ. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. सहाव्या-सातव्या सेकंदाला एका मुलीने मैत्रिणीचा दंड धरला. अकरावा सेकंद सरला, वाफ विरली, आणि साठ माणसं एका आवाजात किंचाळली! तीच ती किंकाळी, जिच्यासाठी मी जन्माला आलो होतो. कुणाचा तरी चष्मा खाली पडला. भाऊ रिकाम्या खुर्चीवरून वाकून म्हणाला, ‘‘अकराच बरोबर होते.’’

‘‘गप्प बस, बघू दे,’’ ताई म्हणाली.

शेवटी नावं आली. सगळ्यांच्या नंतर भाचीने एक नवीन पाटी जोडली होती. तिच्यावर ऑपरेटरकाकांचं पूर्ण नाव आणि खाली एवढंच: ‘यांनी ही एकमेव प्रत अडतीस वर्षं स्वतःच्या घरी सांभाळली.’

काकूंना अंधारात नीट वाचता येईना. ताई उठून त्यांच्यापाशी गेली होती.

‘‘आमच्या ह्यांचं नाव आहे का हो ते?’’

‘‘हो काकू. त्यांचंच.’’

 ‘‘दरवर्षी डबे पुसताना माफी मागायचे हो ते,’’ काकू म्हणाल्या. ‘‘कुणाची, कशाबद्दल, कधी सांगितलं नाही. आणि शेवटपर्यंत मागतच होते.’’

ताईने त्यांचा हात हातात घेतला.

‘‘मिळाली, काकू,’’ ती म्हणाली.

आता मी संग्रहालयाच्या थंड खोलीत असतो. मोठ्या घरचा पाहुणा असल्यासारखी माझी बडदास्त आहे. पुढच्या महिन्यात आणखी दोन गावांत माझे खेळ आहेत आणि दोन्हीकडे भाऊबहीण एकत्र जाणार आहेत. जायचं कसं, बसने की गाडीने, यावरून त्यांचं भांडण सुरू आहे. तुम्हीही या. मनसोक्त किंचाळा, मला वाईट वाटत नाही. फक्त एक विनंती. खुनी पकडला गेला की लोक लगेच पिशव्या उचलतात, चपला शोधतात, दाराशी गर्दी करतात. तसं करू नका. दिवे लागेपर्यंत बसून राहा आणि शेवटची नावं वाचून जा.